कुंडी उचलून बघणारी लाडकी

मी कुंडी उपडी केली, झाड हलकेच ओढलं आणि मुळाची साल माझ्या बोटांत निसटून आली. आत उरला नुसता एक दोरा. बाकी सगळा तपकिरी लगदा, आणि वास शिळ्या डाळीचा. दुसरी कुंडी बघितली, तीच गत. तिसरी, चौथी, सगळीकडे तेच. ऑर्किडच्या दोनशे कुंड्या चार ओळींत मांडलेल्या, बहुतेकांनी माना टाकलेल्या, आणि पंचवीस दिवसांनी उंबरगावचे व्यापारी अमृतभाई त्या न्यायला येणार होते. मी तिथूनच ओरडले, "लाडकी!"

घोलवडमध्ये माझा आवाज स्टेशनपर्यंत जातो असं लोक म्हणतात. लोकांचं काय, थोडं वाढवूनच सांगतात. चिकूची वाडी आमच्या ह्यांची, पण वाडीच्या मागचं हिरव्या जाळीचं घर आणि त्यातली ऑर्किडं माझी. ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की संगिता, हा नसता उद्योग आहे. त्यामुळे हा उद्योग बुडताना त्यांनी बघणं मला परवडणारं नव्हतं.

लाडकी आली. तिला घाई अशी कधी नसतेच. पदर खोचलेला, हात ओले, चेहरा नेहमीसारखा बंद. मी कुजलेलं मूळ तिच्या नाकासमोर धरलं.

"किती पाणी ओततेस गं? मुळं सडवलीस माझी!"

तिने मूळ हातात घेतलं, दोन बोटांत दाबलं, वास घेतला. मग तिने मी उपडी केलेली कुंडी उचलली, आतला कोळसा चाचपला.

"शेठाणी, ह्या ओळींना पाच दिवस झालं, मी पानी घातलं नाय."

"मग हा कोळसा ओला कसा? आभाळातून पडलं?"

"तेच मी बघते हाय," ती म्हणाली. हे 'तेच मी बघते हाय' तिने इतक्या शांतपणे म्हटलं की माझं डोकं आणखीनच फिरलं.

आता लाडकी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तलासरी तालुक्यातल्या वेवजीच्या एका पाड्यावरची ही बाई. सहा वर्षांपूर्वी वाडीत पाला गोळा करायला आली. तेव्हा माझी पहिली चाळीस ऑर्किडं अशीच मरत होती. मी पुस्तकं वाचून, मोबाईलवर बघून, मातीत खत घालून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. लाडकी केरसुणी टेकवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे मातीतलं झाड नाय. आमच्या रानात आंब्यावर बसतं हे. मुळं वाऱ्यावर लोंबतात. पाऊस येतो, भिजतात, मंग वाळतात. वाळायला वेळ द्या त्याला." मी तिला म्हटलं, तू तुझा पाला बघ. महिन्याभरात चाळीसपैकी एकतीस गेली, तेव्हा मी स्वतःच तिला जाळीत बोलावलं. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल ते माझं मलाच माहीत.

तिने माती काढून टाकली. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चिरलेले तुकडे भरले. कुंड्यांखालच्या बशा, ज्या मी हौसेने आणल्या होत्या, त्या कोंबड्यांना पाणी ठेवायला नेल्या. आणि पाणी घालायची तिची एक रीत झाली. सकाळी आठच्या आत प्रत्येक कुंडी उचलायची. वजनावरून ठरवायचं. हलकी लागली आणि मुळं पांढुरकी दिसली तर पाणी, तेही खालून धार निघेपर्यंत. पानांच्या बेचक्यात साचलेलं फुंकून काढायचं. कुंडी जड लागली किंवा मुळं हिरवी दिसली की पुढे जायचं. दोनशे कुंड्या रोज उचलायच्या म्हणजे काही खेळ नव्हे, पण तिने सहा वर्षं उचलल्या. ह्या कामामुळे ती दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर, चैत्याबरोबर, भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची थांबली. मुलगी दक्षा तेव्हा पहिलीत होती, ती आता सातवीत आहे. एकाच शाळेत. काम गेलं तर मायलेकी पुन्हा भट्टीवर, हे लाडकीला माहीत होतं आणि मलाही.

तरी मी तिला म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आमचा मुकादम सुनिल तेवढ्यात आला होता, त्याने मान डोलावली. बाईमाणसाच्या हातात एवढं काम दिलेलं त्याला कधीच रुचलं नव्हतं.

लाडकी गेली नाही. म्हणाली, "अमृतभाई येतील त्या रविवारपर्यंत ऱ्हाऊ द्या. सडकी मुळं कापते. पन पानी कोनी घालायचं नाय. तुमी पन नाय. झाडं उभी ऱ्हायली नाय तर मी आपसूक जाते."

मला तिचा ताठा आवडला नाही, पण दोनशे कुंड्या कापायला दुसरं होतं तरी कोण? मी कबूल झाले आणि वर माझ्याकडून एक नियम ठोकला, सगळ्या बायांना गोळा करून, मोठ्याने: "ऑर्किडच्या पाण्याला लाडकीशिवाय ज्याचा हात लागेल, तो वाडीबाहेर. कोणीही असो." बायांमध्ये लाडकीची आई रखमीही होती. ती चिकूच्या शेडमध्ये प्रतवारीला बसते, मोठे एकीकडे, बारके एकीकडे. तिने मुलीकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

तीन दिवस कापाकापी चालली. लाडकी कात्री मेणबत्तीवर धरायची, गार होऊ द्यायची, मग मऊ मूळ कडक भागापर्यंत छाटायची. कापलेल्या जागी दालचिनीची पूड. मग धुऊन वाळवलेला नवा कोळसा. काही झाडांना दोनच मुळं उरली, काहींना एक. आणि अशा झाडांना ती पाणी देईना! दुपारी हवा कोरडी व्हायला लागली की कुंड्यांच्या खालची जमीन तेवढी ओली करायची, झाडाला थेंब नाही. पानं सुरकुतत चालली. जाड दांडे चुरगळल्यासारखे दिसायला लागले. मी दिवसातून चारदा आत जायचे आणि चारदा दात ओठ खात बाहेर यायचे.

मधेच अमृतभाई सहज म्हणून डोकावले. चष्मा वर करून म्हणाले, "बेन, आ तो तरस्या छे. पाणी पाजा ना यांना!" मी लाडकीकडे बघितलं. ती कात्री पुसत म्हणाली, "पानी हाय, शेठ. प्यायला तोंड नाय. तोंड फुटू द्या." अमृतभाई हसले, पण जाताना माझ्या कानाशी म्हणाले की असला माल मी गाडीत चढवणार नाही.

आणि तरीही कुंड्या जड व्हायला लागल्या. दाराजवळच्या तीन ओळी. लाडकी सकाळी उचलायची, खाली ठेवायची, काही बोलायची नाही. मला तिचं ते न बोलणं सहन होईना. सुनिलने माझ्या मनात भरवलं की तीच घालते आणि तीच कांगावा करते, चोराच्या उलट्या बोंबा. मला ते अर्धं पटलंही. उरलेलं पडताळायच्या आधीच बाराव्या दिवशी होळी आली.

होळीला आमच्याकडे एकही मजूर थांबत नाही. सगळे पाड्यावर जातात, आणि जायलाच हवं, होळी म्हणजे त्यांची दिवाळी. लाडकी म्हणाली, चार दिवसांनी येते. जाताना जाळीच्या दारात उभी राहून माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "शेठाणी, हात लावू नका." मालकिणीला असं सांगायची पद्धत नाही. पण मी हो म्हटलं.

हे सुरतला गेलेले. वाडीत मी एकटी. पहिला दिवस मी जाळीकडे गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं की चौथी ओळच समोर येते. सगळ्यात शेवटी ठेवलेल्या झाडाचं एक पान माझ्या डोळ्यांसमोर पिवळं पडलेलं, लोंबत होतं. बोट लावलं तर गळून पडलं. मला काय झालं सांगता येत नाही.  ही बाई माझी झाडं मारते आहे आणि मी बघत उभी आहे, असं वाटलं. मी टाकीतून मग भरला. एका झाडाला घातलं, मग शेजारच्याला, मग म्हटलं आता घातलंच आहे तर. पंधरा कुंड्या झाल्या. घालून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं, की मी घरात जाऊन चहा करून घेतला.

लाडकी परत आली ती बाकीच्यांच्या आधी, सकाळच्या पहिल्या रिक्षाने. तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी दारात उभी. पहिली ओळ हलकी. दुसरी, तिसरी हलकी. प्रत्येक कुंडीसरशी तिचा चेहरा उजळत गेला. मुळं छान पांढुरकी झाली होती, एका ठिकाणी तर टोकाला हिरवा ठिपका दिसत होता, नवं मूळ. मग ती चौथ्या ओळीत आली. पस्तीस कुंड्या उचलल्या. छत्तिसावी उचलली आणि हातातच धरून उभी राहिली.

"फॉगरचा नळ गळत असेल," मी म्हटलं. तिने विचारलं नव्हतं.

लाडकीने वर टांगलेल्या, बारीक तुषार उडवणाऱ्या फॉगरकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आसंल," ती म्हणाली, आणि पुढची कुंडी उचलली.

मला वाटलं, सुटले. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. माणसाने एक खोटं बोलावं आणि समोरच्याने त्यावर भांडूही नये, ह्यासारखी शिक्षा नाही.

दुसऱ्या दिवशी बाया कामावर परतल्या, चौथ्या ओळीतल्या पंधरा ओल्या कुंड्यांची गोष्ट वाडीभर झाली, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या तीन ओळी पुन्हा जड. आता हिशेब सोपा होता. चार दिवस माणूस नव्हता तर ओळी कोरड्या, माणूस आला की ओल्या. लाडकी म्हणाली, "आज जेवायच्या सुट्टीत मी आतच बसते." मी म्हटलं मीही बसते. सुनिलही आला. आम्ही तिघं सोडणाच्या ढिगामागे बसलो. चोर हातात सापडणार म्हणून मी खूश होते. चोर सापडला की छत्तिसाव्या कुंडीबद्दल कोणी विचारणार नाही, हेही मनात होतंच.

बाया भाकर खायला जाळीच्या दाराशीच बसतात, तिथे गारवा असतो म्हणून. खाऊन झाल्या. एकेक उठली. आणि उठताना प्रत्येकीने आपल्या बाटलीत उरलेलं पाणी, कोणाचं पाव, कोणाचं अर्धं, रखमीच्या कळशीत ओतलं.  हे त्यांच्यात नेहमीचंच आहे हे मला तेव्हा कळलं. त्या डोंगराकडच्या पाड्यांवर मार्च लागला की बाया दोन-दोन तास झऱ्यापाशी बसून वाटीवाटीने पाणी भरतात. तिथली बाई उरलेलं पाणी जमिनीवर फेकत नाही, हात धुतलेलंसुद्धा एखाद्या झाडाच्या बुडाशी नेऊन ओतते. फेकणं म्हणजे पाप. वर्षानुवर्षं ते वाडीतल्या चिकूंना जात होतं. ह्या वर्षी माझ्या कुंड्या दाराजवळ सरकल्या आणि ते त्यांना जायला लागलं होतं.

रखमी कळशी घेऊन आत आली. कळशी कलती करून, प्रत्येक कुंडीत थोडं थोडं. पहिल्या ओळीत, मग दुसऱ्या. आणि घालताना पुटपुटत होती, "पी बाय, पी. माझ्या पोरीचा घास जातो. पी गो."

लाडकी माझ्या शेजारी दगड होऊन बसली होती. उठले मी.

"रखमे!" मी ओरडले. "चोर घरातच निघाला! खाल्ल्या घरचे वासे मोजलेस!" आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. बाया परत गोळा झाल्या. रखमीच्या हातातली कळशी पडली. 

"आये," लाडकीने विचारलं, "का?"

"पानं वाळली ना गो," रखमी म्हणाली. "तू पानी देत नव्हतीस. मला वाटलं, शेठाणीच्या रागापायी तुझा हात आखडला. झाडं मेली तर तू जाशील. दक्षाची शाळा जाईल. म्हनून मी लपून दिलं. आधी उरलेलंच देत होती, मंग माठातलं पन दिलं."

लाडकीने डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं ती आईवर हात उगारेल. तिने काही केलं नाही. सुनिल पुढे झाला. "शेठाणी, तुमचा नियम आहे. रखमी आजपासून बाहेर. आणि चौथ्या ओळीतल्या त्या पंधरा कुंड्या, त्याही हिनेच भिजवल्या."

"नाय," रखमी म्हणाली. "तिकडं मी गेलीच नाय. आनि तवा होळी होती. मी पाड्यावर होती, सगळ्या होत्या." बायांनी माना हलवल्या.

"मग कोणी भिजवल्या?" सुनिलने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

 लाडकी हळूहळू माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. राग नव्हता.

"शेठाणी," ती म्हणाली, "नियम सगळ्यांना हाय का?"

एवढंच.  तिने नाव घेतलं असतं तर मी नाकारलं असतं, आणि तिला बाहेर काढलं असतं, आणि पुन्हा कधी ह्या जाळीत पाय ठेवू दिला नसता. हे तिलाही माहीत होतं. तिने सगळं माझ्या हातात ठेवलं होतं, तिची नोकरी, आईची मजुरी, दक्षाची शाळा. वीस बाया बघत होत्या.  दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी ढिगामागे बसले होते आणि माझ्या डोळ्यात मुसळ होतं.

"त्या मी भिजवल्या," मी म्हटलं. आवाज मला स्वतःलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "होळीच्या दुसऱ्या दिवशी. मी घातलं पाणी. नळ गळत नव्हता."

सुनिल जमिनीकडे बघायला लागला.

लाडकीने आईची कळशी उचलून दाराबाहेर ठेवली. "तर मंग तुमी दोघी भाईर," ती म्हणाली. "रविवारपर्यंत. कामाला या, चिकू निवडा, काय ते करा. पन जाळीत पाय नाय." आणि बायांकडे वळून म्हणाली की उरलेलं पाणी चिकूच्या आळ्यात ओता, ते मातीतलं झाड आहे, त्याला चालतं. मग तिने दार लावून घेतलं. माझ्या जाळीचं दार, माझ्या तोंडावर. मला राग यायला हवा होता. आला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. लाडकीने दोन ओळी पुन्हा उपसल्या, पुन्हा कापल्या. ठरलेल्या रविवारी अमृतभाई आले, एकेक कुंडी वर धरून मुळं बघितली आणि एकशे सत्तावीस नेल्या. उरलेल्यांतली काही पुढच्या खेपेला गेली, काही मेली. माझ्या पंधरांतली अकरा मेली. लाडकी कामावर आहे, रखमीही आहे. जाळीच्या पाण्याचा वॉल्व्ह आता लाडकी उघडते, मी विचारून आत जाते. हे सगळं ठीक झालं. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

दार लागल्यावर मी आणि रखमी बाहेर उभ्या राहिलो. बाया शेडमध्ये निघून गेल्या. मी आतल्या लाडकीला जाळीतूनच म्हटलं, "लाडकी, चुकले गं मी."

ती मान वर न करता म्हणाली, "मला नको. आयेला सांगा. चोर तिला म्हनलात, सगळ्यांसमोर."

मी रखमीकडे वळले. ती चिकूच्या बुंध्याशी जमिनीवर बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून. आमच्या घरात कुणी मजूर बाईसमोर जमिनीवर बसल्याचं मला आठवत नाही. मी बसले. गुडघा कटकन वाजला. शब्द जुळवत होते, एकही धड येईना. इतकी वर्षं ह्या तोंडाने सगळ्यांना फाडून खाल्लं, आणि त्या दिवशी त्याला साधं 'माफ कर' म्हणता येत नव्हतं.

रखमीने डोकं वर काढलं. पदराने नाक पुसलं आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"शेठाणी," तिने विचारलं, "तुमाला पन बघवलं नाय ना?"

"नाही गं," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसून रडले.